खत तयार आहे, गिऱ्हाईक कुठाय?

कचऱ्यापासून खत करणं अवघड नाही. ते शेतकऱ्याने खिशातले पैसे देऊन घ्यावं, हे अवघड आहे. आणि तो ते घेणार की नाही, हे ठरतं तुमच्या मेसमधल्या डब्यापाशी.

पर्यावरण दिन आला की कॉलेजात पोस्टर स्पर्धा होते. विषय ठरलेला : ‘कचऱ्यातून सोनं’. चित्रही ठरलेलं. डावीकडे कचऱ्याचा ढीग, मधे एक मोठा बाण आणि उजवीकडे हिरवंगार शेत. कुणाचा तरी पहिला नंबर येतो, टाळ्या वाजतात, ग्रुप फोटो होतो. त्याच दुपारी मेसमध्ये उरलेला भात, आमटी, अर्धी भाकरी, चहाचे कागदी कप, सॉसची पाकिटं आणि हात पुसलेला टिश्यू हे सगळं एकाच डब्यात जातं.

आज त्या पोस्टरमधल्या बाणाबद्दल बोलू.

सगळी गोम त्या बाणातच आहे. चित्रात तो दोन सेकंदांत काढून होतो. खऱ्या आयुष्यात त्या बाणात घंटागाडी असते, कचरा डेपो असतो, चाळणी असते, प्रयोगशाळेचा रिपोर्ट असतो, सरकारी अनुदान असतं, ट्रकचं भाडं असतं. आणि सगळ्यात शेवटी एक शेतकरी असतो. तो मूठभर खत हातात घेतो, चोळून बघतो, त्याला त्यात काचेचा तुकडा आणि प्लॅस्टिकच्या चिंध्या दिसतात आणि तो म्हणतो, ‘नको, राहू द्या.’

त्याचं चुकलं का? अजिबात नाही. त्या रानात त्याची बायको, आई, मजूर बायका अनवाणी खुरपायला उतरतात.

मागणी नाही? कोण म्हणतं?

आधी एक गैरसमज दूर करू. ‘शेतकऱ्यांना आता फक्त युरिया लागतो, सेंद्रिय खत कुणाला हवंय’ असं शहरात बसून सहज बोललं जातं. तुमच्यातले जे मोहोळ, माढा, सांगोला, मंगळवेढा, पंढरपूरकडून शिकायला सोलापुरात आलेत, त्यांनी जरा घरी फोन करून विचारा. शेणखताची ट्रॉली फुकट मिळते का? नाही मिळत. पैसे मोजावे लागतात आणि तरीही वेळेवर मिळेल याची खात्री नसते. डाळिंबाचा बहार धरायच्या आधी शेणखत आणि कोंबडखतासाठी धावाधाव असते. उन्हाळ्यात रान मोकळं असलं की धनगराला बोलावून रानात मेंढरं बसवतात. रात्रभर कळप शेतात बसतो, लेंड्या आणि मूत थेट जमिनीत. त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे दिले जातात. साखर कारखान्यातून निघणारं प्रेसमडही शेतकरी घेतो. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपला नंबर लागतो, त्यामुळे ते इथे काही अनोळखी नाही.

म्हणजे या जिल्ह्यातला शेतकरी सेंद्रिय खतासाठी पैसे मोजतो, वाट बघतो, कळपाची बोलणी करतो. त्याला हवंच आहे.

आणि का नको असेल? आपला जिल्हा अवर्षणप्रवण. कोरडवाहू शेतीवरचं संशोधन केंद्र १९३० च्या दशकात इथे सोलापुरात उगाच नाही सुरू झालं. पाऊस कमी, तोही बेभरवशाचा. अशा ठिकाणी जमिनीत ओल किती दिवस टिकते यावर पीक येणार की जाणार हे ठरतं. ओल टिकवायची तर जमिनीत सेंद्रिय कर्ब हवा. माती परीक्षणाच्या कागदावर हा कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असला तर ‘कमी’ असा शेरा येतो. इथल्या कितीतरी शेतकऱ्यांनी हा शेरा आपल्या कागदावर पाहिलेला आहे. उष्ण हवामानात कर्ब भराभर जळून जातो, म्हणून तो सारखा भरत राहावा लागतो.

आता शहराकडे या. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार होती. इतक्या घरांतली खरकटी ताटं, भाजीची देठं, हॉटेलातलं उरलेलं अन्न, मार्केट यार्डातला सडका कांदा आणि पालेभाज्यांचा पाचोळा, गड्ड्याच्या यात्रेतली फुलं आणि बेलपत्रं. हे सगळं काय आहे? शेतातून शहरात आलेला कर्बच आहे. शेतकऱ्याने तो ट्रकमध्ये भरून पाठवला, आपण खाल्ला, सोलला, सांडला. परतीचा ट्रक मात्र रिकामा जातो.

एका बाजूला कर्ब हवा असलेली जमीन, दुसऱ्या बाजूला कर्बाचा ढीग. मधलं अंतर वीस-तीस किलोमीटर. तरी सौदा जमत नाही. का?

चाळणीतून काय पडतं

आपल्याकडे यंत्रणा नाही असं नाही. तुळजापूर रोडवर दिवसाला ४०० टन कचरा हाताळण्याच्या क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. सोलापूर बायो-एनर्जी सिस्टिम्स हे त्या कंपनीचं नाव. ओल्या कचऱ्यातून बायोगॅस, त्यावर सुमारे ३ मेगावॅट वीज आणि उरलेल्या मालाचं खत, अशी त्याची रचना. देशात असे प्रकल्प उभे राहायला लागले तेव्हा त्याची भरपूर चर्चा झाली होती.

पण कुठल्याही शहरातल्या कुठल्याही प्रकल्पाला एक नियम लागू असतो : आत जे जाईल, तेच बाहेर येईल. सगळं एकत्र आलेला कचरा आधी मोठ्या फिरत्या चाळण्यांतून जातो. मग त्याचे लांबलचक ढीग लावतात. ते दर आठवड्याला उलटायचे, पाणी मारायचं. ढिगाचं तापमान ५५ अंशांच्या वर गेलं आणि काही दिवस टिकलं की रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. महिना-दीड महिन्याने ढीग थंड होतो, मग पुन्हा बारीक चाळणी. शेवटची चाळणी ४ मिलिमीटरची. सरकारी मानकानुसार शहरी कंपोस्टचा ९० टक्के माल या चाळणीतून खाली पडायला हवा.

आता जरा डोकं लावा. बाटली फुटली, तिचा तीन मिलिमीटरचा तुकडा झाला, तर तो चाळणीच्या वर राहील की खाली पडेल?

खाली पडेल. खतात. चाळणीला आकार कळतो, काच आणि माती यातला फरक कळत नाही.

आणि काच निदान दिसते तरी. न दिसणाऱ्या गोष्टी त्याहून वाईट. आपल्या खत नियंत्रण आदेशात २००६ पासून सेंद्रिय खतांचीही मानकं आली. शहरी कंपोस्टमध्ये एका किलोत शिसं १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, कॅडमियम ५ पेक्षा जास्त नको, आणि पारा? फक्त ०.१५ मिलिग्रॅम. म्हणजे एका टनाला ०.१५ ग्रॅम. आता जुन्या काचेच्या थर्मामीटरचा विचार करा. त्यात साधारण अर्धा ग्रॅम पारा असतो. कुणाच्या तरी घरी तो फुटला, कुणीतरी सुपलीत गोळा करून ओल्या कचऱ्यात टाकला आणि तो पारा सगळा खतात उतरला, तर तीन टन खत मानकाच्या बाहेर गेलं. एका थर्मामीटरने.

हे काही नुसतं कागदावरचं गणित नाही. भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी देशातल्या २९ शहरांतलं कंपोस्ट तपासून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. एकत्र कचऱ्यापासून केलेल्या खतात जड धातूंचं प्रमाण खूप जास्त होतं, ओला कचरा आधीच वेगळा केलेल्या ठिकाणचं खत त्या मानाने कितीतरी स्वच्छ होतं. मशीन कुठलं वापरलं यापेक्षा डबे किती होते, हा प्रश्न मोठा ठरला.

म्हणून शेतकरी मूठभर खत चोळून ‘राहू द्या’ म्हणतो, तेव्हा तो अडाणीपणा करत नसतो. कुठलीही लॅब नसताना तो योग्य निदान करत असतो.

चुकीच्या काट्यावर मोजलेलं खत

दुसरं कारण दुकानात सापडतं. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, उरलेला भार सरकार उचलतं. त्या पोत्यात जवळपास २१ किलो नत्र असतं. शहरी कंपोस्टमध्ये नत्र एक टक्क्याच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून कमी. म्हणजे ५० किलोच्या पोत्यात जेमतेम अर्धा किलो. एका युरियाच्या पोत्याची बरोबरी करायला कंपोस्टची ४० पोती लागतील!

या काट्यावर कंपोस्ट कायम हरणार. पण हा काटाच चुकीचा आहे. कंपोस्ट घ्यायचं ते नत्रासाठी नाही, कर्बासाठी. मानकानुसार त्यात किमान १२ टक्के सेंद्रिय कर्ब हवा, म्हणजे टनाला १२० किलो. युरियाची शंभर पोती ओतली तरी जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढत नाही. भुकेला भाकरी आणि तापाला गोळी, दोन्हीचे दर एका तराजूत घालून चालत नाही. पण दुकानात दोन्ही ‘खत’ याच नावाखाली शेजारी-शेजारी ठेवली जातात आणि बिचारं कंपोस्ट फुगलेलं, जड आणि कमजोर दिसतं.

तिसरं कारण वाहतूक. स्वस्त आणि जड वस्तू लांब नेली की भाडंच वस्तूच्या किमतीला गाठतं. त्यात ते पोत्यात भरायचं, शिवायचं, छापायचं म्हणजे आणखी खर्च. शेणखत कधी छापील पोत्यातून आलेलं पाहिलंय? ते ट्रॉलीतून येतं आणि थेट बांधावर पडतं.

सरकारने पैसे कुठल्या टोकाला ओतले?

सरकारला हे दिसलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. घनकचऱ्याचे देशव्यापी नियम २००० साली आले. ओला कचरा वेगळा करा, त्यावर प्रक्रिया करा, हे तेव्हापासून लिहिलेलं आहे. २०१६ मध्ये ते नियम नव्याने आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राने शहरी कंपोस्टसाठी खास धोरण आणलं. खत कंपन्यांनी आपल्या रासायनिक खतांबरोबर शहरी कंपोस्टही विकावं आणि विकलेल्या टनाला १५०० रुपये बाजार विकास साहाय्य मिळावं, अशी ती कल्पना. राज्याच्या नगरविकास विभागाने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ असा ब्रँडही काढला. मानकात बसणाऱ्या खतालाच तो शिक्का.

मग झालं काय? टनाला १५०० म्हणजे ५० किलोच्या पोत्याला ७५ रुपये. ही मदत विक्रीच्या टोकाला होती. पोतं तयार झाल्यावर मिळणारी. पोत्यात काय असावं हे जिथे ठरतं, त्या घराच्या, हॉटेलच्या, मेसच्या टोकाला त्यातला एक रुपयाही पोचत नव्हता. दुकानदाराला युरियाबरोबर कंपोस्टची पोती घ्यायला लावता येतात. शेतकऱ्याला पुढच्या वर्षी तेच पोतं पुन्हा मागायला लावता येत नाही. तो पुन्हा मागतो तो अनुभवावर.

२०२१ मध्ये ती मदत थांबली. जून २०२३ मध्ये केंद्राने पुन्हा टनाला १५०० रुपये जाहीर केले, तीन वर्षांसाठी १४५१ कोटींची तरतूद केली. पण ही मदत गोबर-धन योजनेतल्या बायोगॅस प्रकल्पांतून बाहेर पडणाऱ्या खताला. गॅस न काढता नुसतं चांगलं कंपोस्ट करणारा एखादा बचत गट, एखादी नगरपालिका, एखादा तरुण उद्योजक या रांगेत बसत नाही. मातीला मात्र कर्ब कुठल्या योजनेतून आला याने काही फरक पडत नाही.

आमचं म्हणणं सरळ आहे. मदत द्यायची तर ती खताच्या शुद्धतेला द्या. ज्या प्रभागातला ओला कचरा खरंच ओलाच निघतो, त्या प्रभागाला, तिथल्या सफाई कामगारांना, तिथल्या घरांना त्याचा फायदा दिसू द्या. पुणे महापालिका गांडूळ खत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी जिरवणं असं काही करणाऱ्यांना मिळकत करात ५ ते १० टक्के सूट देते. करणाऱ्याच्या हातात काहीतरी पडतं, हे त्यातलं महत्त्वाचं.

हे शास्त्र आपलंच आहे

‘बारा वर्षांनी उकिरड्याचंही नशीब उघडतं’ अशी म्हण आहे. गावच्या उकिरड्याचं तर ते दरवर्षी उघडायचं. उन्हाळ्यात उकिरडा उकरायचा, गाड्या भरायच्या, रानात न्यायच्या. त्यात शेण, राख, पालापाचोळा, गोठ्यातला केरकचरा असायचा. प्लॅस्टिक नव्हतंच, आणि फुटकी काच कुणी उकिरड्यात टाकली तर घरचेच ओरडायचे, कारण खत आपल्याच रानात जायचं असायचं.

या देशी शहाणपणाला शास्त्राची बैठक देणाऱ्या पुस्तकावर एक मराठी नाव आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. इंदूरच्या संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली. जगभरची सेंद्रिय शेतीची चळवळ ज्यांना गुरू मानते तेच हे हॉवर्ड. १९३१ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाचे सहलेखक होते यशवंत वाड. पुढे आपल्याच विदर्भातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी भोकं ठेवलेल्या विटांचं टाकं शोधून काढलं. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. त्यात पालापाचोळा, थोडं शेण, माती आणि पाणी यांचे थर द्यायचे, वरून लिंपून घ्यायचं. साधारण तीन-चार महिन्यांत खत. शेण कमी, काम कमी. त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘नाडेप’ म्हणतात. कृषी शाखेच्या मुलांनी हे परीक्षेत लिहिलेलं असेल. त्यांच्यातल्या किती जणांनी असं टाकं भरलंय, हा वेगळा प्रश्न.

आणि तेच इंदूर आज काय करतंय? ज्या अहिल्यादेवी होळकरांचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे, त्या होळकरांचं हे शहर. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे दिवसाला ५५० टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. गॅसबरोबर खतही निघतं. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. हा प्रकल्प चालवणारी कंपनी महापालिकेला वर्षाला अडीच कोटी रुपये देते. बहुतेक शहरं कचरा उचला म्हणून कंपन्यांना पैसे मोजतात, इथे कंपनी कचऱ्यासाठी पैसे मोजते! का? कारण घराघरांतून येणारा तो ओला कचरा खरोखर ओला कचरा असतो. सहा-सहा प्रकारांत वेगळा केलेला. माल स्वच्छ असला की तो कच्चा माल होतो आणि कच्च्या मालाला भाव असतो.

तुम्ही म्हणाल, इंदूर मोठं शहर, त्यांच्याकडे पैसा आहे. ठीक आहे. मग आपल्या कोकणातलं वेंगुर्ला बघा. छोटी नगर परिषद. कचरा घरातच बारकाईने वेगळा करायची सवय लावली आणि जिथे डम्पिंग ग्राउंड होतं, तिथे लोक सहलीला यायला लागले.

‘पण घंटागाडीवाला एकत्रच करतो ना!’

हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा नाही. तुम्ही घरी दोन डबे ठेवता आणि गाडीत दोन्ही एकाच कप्प्यात उलटे होतात, तर दुसऱ्या दिवशी डबे वेगळे ठेवायचा उत्साह कुठून राहणार? वेगळा दिलेला कचरा वेगळाच नेणं ही महापालिकेची जबाबदारी आहे, नियमातच तसं लिहिलंय. ते होत नसेल तर नगरसेवकाला, झोन ऑफिसला विचारायलाच हवं. पण गाडीवरच्या माणसावर आवाज चढवू नका. कप्पे नसलेली गाडी त्याने बनवलेली नाही. आणि डेपोवर ओल्या घाणीत हात घालून तुमचं सॅनिटरी पॅड, तुमचं रेझरचं ब्लेड वेगळं काढणारा माणूसही त्याच्यासारखाच कुणीतरी असतो.

पण कॉलेजला आणि होस्टेलला ही सबब लागू पडत नाही. का ते सांगतो.

१ एप्रिल २०२६ पासून घनकचऱ्याचे नवे नियम लागू झालेत. आता दोन-तीन नाही, चार प्रकार : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. या चौथ्यात रंगाचे डबे, बल्ब, औषधं आणि तो आपला पाऱ्याचा थर्मामीटर. आणि ज्यांच्या इमारतींचं क्षेत्रफळ २० हजार चौरस मीटर किंवा जास्त, किंवा रोजचा पाण्याचा वापर ४० हजार लिटर किंवा जास्त, किंवा रोजचा कचरा १०० किलो किंवा जास्त, ते सगळे मोठे कचरा निर्माते. यातली एक अट लागू झाली तरी पुरे. अशांनी आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा आहे.

हिशेब करून बघा. समजा होस्टेलमध्ये ४०० मुलं आहेत आणि प्रत्येकाच्या ताटातून, स्वयंपाकघरातून मिळून रोज दीडशे ग्रॅम ओला कचरा निघतो. झाले ६० किलो. त्यात कॅन्टीन, झाडांचा पालापाचोळा धरा. शंभरी गाठायला कितीसा वेळ लागतो? आणि १०० नाही भरली, पाणीच ४० हजार लिटर लागत असेल, तरी तुमचं आवार नियमात आलंच.

इथे घंटागाडी मधे येतच नाही. डबा तुमचा, टाकं तुमचं, बाग तुमची.

मग नक्की करायचं काय?

एक दिवसाचं अभियान नको. खड्डा खणायचा, प्राचार्यांच्या हस्ते पहिलं टोपलं टाकायचं, फ्लेक्स लावायचा आणि पुढच्या महिन्यात तिथे क्रिकेटचे स्टंप रोवायचे, हा प्रकार आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याऐवजी चार साध्या गोष्टी.

एक : आधी आठ दिवस फक्त मोजा. मेसचा ओला डबा रोज काट्यावर ठेवा. मग तो पसरून त्यातलं न कुजणारं वेगळं काढून तेही तोला. हातमोजे घालून. शंभर किलोत नको असलेलं किती किलो निघालं, तो आकडा मेसच्या फळ्यावर लिहा. पोस्टरपेक्षा हा आकडा जास्त बोलतो.

दोन : टाकं एक नाही, निदान दोन करा. एक भरत असताना दुसरं पिकत असतं. एकच केलं तर ते भरल्यावर सगळं थांबतं आणि लोक म्हणतात, ‘बघा, सांगितलं होतं ना.’ नुसतं खरकटं घालू नका, ते चिघळतं आणि वास सुटतो. त्यात वाळलेला पाला हवाच. आवारातला पाला जाळता ना? तोच.

तीन : खत झालं की ते तपासून घ्या. रसायनशास्त्राच्या, कृषीच्या, पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी याहून चांगला प्रोजेक्ट कुठला? सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब तुमच्याच लॅबमध्ये काढता येतो. जड धातूंसाठी बाहेरची लॅब बघा. आणि रिपोर्ट जसा येईल तसा लावा, वाईट आला तरी.

चार : एनएसएसच्या शिबिरासाठी गावात जाता, तेव्हा हे खत घेऊन जा. कुणावर लादू नका. एका शेतकऱ्याला त्याच्या रानाचा एक कोपरा मागा, तिथे टाका, शेजारचा वाफा मोकळा ठेवा आणि वर्षभर दोन्हीकडची ओल, दोन्हीकडचं पीक बघत राहा. पटलं तर तो पुढच्या वर्षी स्वतःहून मागेल.

महापालिकेकडूनही मागायच्या गोष्टी आहेत. मार्केट यार्ड, हॉटेलं, मंगल कार्यालयं, मंदिरं यांचा ओला कचरा घरगुती कचऱ्यात न मिसळता वेगळ्या फेरीने उचला, कारण तिथे तो आधीच बराचसा स्वच्छ असतो. खताच्या प्रत्येक लॉटचा तपासणी अहवाल लोकांना दिसेल असा लावा. शहरातल्या बागांना बाहेरून खत-माती विकत घेण्याआधी आपलं खत वापरा. स्वतःच्या बागेत जे घालत नाही, ते शेतकऱ्याला कुठल्या तोंडाने विकणार? आणि जवळच्या गावांना ते पोत्याऐवजी ट्रॉलीने द्या.

यात करिअर आहे का?

हो, पण रील्समध्ये दाखवतात तसं नाही. नुसतं खत विकून श्रीमंत झाल्याच्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका. शेतकऱ्याला ट्रॉलीने विकलेल्या खतात मार्जिन कमी असतं. नर्सरीत किलो-किलोच्या पिशवीत तेच खत कितीतरी पट दराने जातं, पण कुंड्यांचा बाजार लहान. या धंद्याचं खरं उत्पन्न बऱ्याचदा सेवेतून येतं. सोसायट्या, हॉटेलं, हॉस्पिटलं यांचा ओला कचरा त्यांच्याच आवारात जिरवून देण्याचे महिन्याला पैसे. नवे नियम नीट राबवले गेले तर सोलापुरातही असं काम जाणणारी माणसं लागतील. टाकं चालवणारी, वास आला तर का आला ते ओळखणारी, नमुना तपासणारी, शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणारी. ही शेवटची गोष्ट एमबीएत शिकवत नाहीत. खेड्यातून आलेल्या तुमच्यापैकी कितीतरी जणांना ती आधीच येते.

हे सगळं उद्यापासून करा असं आम्ही म्हणत नाही. उद्या फक्त एक करा. जेवण झालं की ताट डब्यात झाडण्याआधी एकदा डब्यात डोकावून बघा. त्यात जे आहे ते तुमच्या वडिलांच्या, काकांच्या, मित्राच्या रानात टाकायला तुम्ही तयार आहात का? उत्तर ‘नाही’ असेल, तर त्यात नेमकं काय नको आहे हे तुम्हाला कळलंच. कप, पाकीट, टिश्यू. ते उचला आणि शेजारच्या डब्यात टाका. शेजारी दुसरा डबाच नसेल, तर मेसच्या सेक्रेटरीला गाठा आणि विचारा, कधी ठेवताय?